स्काइप गेलं, आता फुकट कॉलिंग किती दिवस?

कोथरूड_डेपो

मे २०२५ मध्ये स्काइप बंद झालं आणि आमच्या घरची परदेशी फोनची घडी विस्कटली. सध्याची गरज अशी:

भाऊ न्यू जर्सीत. त्याला सदाशिव पेठेतल्या आत्याच्या लँडलाइनवर फोन करायचा असतो (आत्या स्मार्टफोन वापरत नाही आणि वापरणारही नाही). बहीण दुबईत, तिकडे व्हॉट्सॲप कॉल लागतच नाही. वेल्ह्याकडच्या घरी फायबर पोचलंय, पण मोबाइलला रेंजच्या नावाने शंख. भावाचं व्हॉट्सॲप अजून पुण्याच्या नंबरवर आहे आणि ते सिम इथे कपाटात पडलंय.

व्हॉट्सॲप कॉलला पैसे लागणार, असे फॉरवर्ड अधूनमधून येतच असतात. पुढची चार-पाच वर्षं हे फुकट राहील का? की आत्ताच स्वतःचा सिप सर्व्हर (इंटरनेटवरून फोन जोडून देणारं घरचं एक्स्चेंज) टाकून मोकळं व्हावं? जाणकारांनी सांगावं.

जुनी_तार

ॲपवरून ॲपला जाणारा कॉल आणि ॲपवरून साध्या नंबरवर जाणारा कॉल, या दोघांचं भवितव्य वेगळं आहे. फॉरवर्ड लिहिणारे नेमकी इथेच गल्लत करतात.

आधी ॲप ते ॲप. जमलं तर दोन्ही फोन थेट एकमेकांना आवाजाची पॅकेट (डेटाचे छोटे तुकडे) पाठवतात, नाही जमलं तर कंपनीचा रिले सर्व्हर मध्ये उभा राहतो. डेटा किती जातो ते मांडून बघा. साधारण दर २० मिलिसेकंदांना एक पॅकेट, म्हणजे सेकंदाला ५०. प्रत्येक पॅकेटवर आयपी, यूडीपी आणि आरटीपी (डेटा पोचवायच्या पद्धती) मिळून ४० बाइटचं हेडर, म्हणजे पत्त्याची चिठ्ठी. नुसतं हेडरच १६ केबीपीएस झालं. जी.७२९ सारख्या कोडेकमध्ये (आवाज दाबून लहान करायची पद्धत) आवाज असतो ८ केबीपीएस. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. दोन्ही दिशा धरून ४८ केबीपीएस, तासाला साधारण २२ एमबी. जुना जी.७११ घेतला तर तासाला ७२ एमबी. रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये हे कुठे जातं ते कळतही नाही.

त्यात कोडेक सुधारतच चाललेत. ओपस ६ केबीपीएसपर्यंत खाली उतरतो. मार्च २०२४ च्या ओपस १.५ मध्ये हरवलेल्या पॅकेटमधला आवाज पुढच्या पॅकेटांतून परत उभा करायची सोय आली. त्याच वर्षी मेटाने स्वस्तातल्या फोनसाठी आणि कमकुवत नेटसाठी एमलो नावाचा कोडेक जाहीर केला. म्हणजे कॉल वाहून नेण्याचा खर्च दिवसेंदिवस कमीच होतोय. कंपन्या पैसे काढतात ते धंदेवाल्यांकडून: दुकानाने किंवा बँकेने व्हॉट्सॲपवरून गिऱ्हाइकाला कॉल केला की बिल त्या धंद्याला लागतं. तुमच्या-आमच्या गप्पांवर मीटर लावायला खर्चाचं कारण उरलेलं नाही.

नेट देणारी कंपनी मध्ये पाचर मारेल का? डिसेंबर २०१४ मध्ये एका कंपनीने इंटरनेट कॉलसाठी वेगळा दर जाहीर केला होता. लोक खवळले, तो मागे घ्यावा लागला. ट्रायच्या ८ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशानुसार डेटात काय आहे ते बघून वेगवेगळा दर लावता येत नाही. तो आदेश आहे तोवर व्हॉट्सॲप कॉलच्या डेटाला वेगळा भाव लागणार नाही. सगळा डेटाच महाग झाला तर तो सगळ्यांनाच.

आता ॲप ते नंबर. इथे फुकट कधीच नव्हतं. भारतातल्या भारतात एका कंपनीने दुसरीला द्यायचे मिनिटाला ६ पैसे १ जानेवारी २०२१ पासून बंद झाले. परदेशातून येणाऱ्या कॉलवर मात्र मे २०२० पासून मिनिटाला ३५ ते ६५ पैसे इथल्या कंपनीला मिळतात. जगात कुठलंही ॲप असो, भारतातला नंबर वाजवला की एवढे मोजावेच लागतात. 'भारतात अमर्याद फुकट' म्हणणारं ॲप ते पैसे जाहिरातीतून, तुमच्या माहितीतून नाहीतर आवाजाची वाट लावून वसूल करतं.

भावाला आत्याच्या लँडलाइनसाठी व्हायबर आउट किंवा रेबटेल चालेल. पैसे भरण्याआधी चार गोष्टी तपासायच्या: लँडलाइन आणि मोबाइलचा दर वेगळा आहे का, दर कॉलला जोडणी शुल्क आहे का, ४ सेकंदांचं पूर्ण मिनिट धरतात का आणि क्रेडिट किती महिन्यांत बुडतं. बोलणं थोडंच असेल तर 'अमर्याद' योजनेपेक्षा मिनिटावरचा दर स्वस्त पडतो.

पॅकेट_मोजणारा

सिप सर्व्हरच्या भानगडीत घरगुती वापरासाठी पडू नका, हे माझं स्पष्ट मत. तरी हौस असेल तर आधी काय काय बिघडतं ते वाचा.

१. बऱ्याच स्थानिक फायबरवाल्यांकडे स्वतंत्र पब्लिक आयपी मिळत नाही, सीजीनॅट असतं (एकच पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटलेला). राउटरचा डब्ल्यूएएन (बाहेरच्या बाजूचा) आयपी १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल तर ओळखा, बाहेरून तुमच्या सर्व्हरपर्यंत कोणी पोचणार नाही. स्टॅटिक आयपी विकत घ्या नाहीतर भाड्याचा व्हीपीएस (इंटरनेटवरचा सर्व्हर).

२. कॉल लागतो, बोलणं चालू होतं आणि बरोबर ३२ व्या सेकंदाला तुटतो. समोरच्याचा एसीके (पोच) सर्व्हरपर्यंत पोचत नाही, सर्व्हर ६४ गुणिले अर्धा सेकंद वाट बघून कॉल सोडून देतो. बहुतेक वेळा दोषी राउटरमधला सिप एएलजी (सिपची पॅकेट मध्येच बदलणारी सोय). तो बंद करा. ओएनटी (फायबरचा डबा) आणि राउटर वेगळे असतील तर दोन्हीकडे बघा.

३. एका बाजूलाच आवाज येतो. सिप पोर्ट ५०६० वरून जातंय, पण आवाज नेणाऱ्या आरटीपीचे पोर्ट (ॲस्टरिस्क या सर्व्हर सॉफ्टवेअरमध्ये मुळात १०००० ते २००००) अडलेत, किंवा एसडीपीमध्ये (आवाज कुठे पाठवायचा ते सांगणाऱ्या भागात) घरचा १९२.१६८ वाला पत्ता जातोय. एक्स्टर्नल ॲड्रेस आणि लोकल नेट नीट भरा.

४. फोन खिशात असताना वाजत नाही. राउटरच्या नॅटमधली (घरचा पत्ता बाहेरच्या पत्त्याला जोडणारी) यूडीपी नोंद अर्ध्या मिनिटातही पुसली जाते. कीप-अलाइव्ह (नोंद जिवंत ठेवणारं पॅकेट) २५ सेकंद ठेवावं तर बॅटरी उतरते. म्हणून पुश नोटिफिकेशन असलेलं क्लायंट घ्या, लिनफोन किंवा ग्राउंडवायर. अँड्रॉइड १२ पासून फोनमधलं अंगचं सिप गेलं.

५. ५०६० उघडा ठेवलात की काही तासांत जगभरचे बॉट पासवर्ड ठोकायला येतात. मागे पैसे भरलेलं ट्रंक (साध्या नंबरांवर कॉल नेणारी जोडणी) असेल तर एका रात्रीत शिल्लक साफ.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: घरी सिम घातलेलं गेटवे लावून परदेशातला कॉल इथल्या नंबरवर उतरवू नका. त्याला सिम बॉक्स म्हणतात, विनापरवाना एक्स्चेंजच ते. पोलीस यायचे. परदेशी ट्रंकवरून कॉलर आयडीत +९१ नंबर दाखवायचा उद्योगही फसतो. ऑक्टोबर २०२४ पासून बाहेरून +९१ चं सोंग घेऊन येणारे कॉल वेशीवरच अडवायची यंत्रणा सुरू आहे.

सिंहगड_पायथा

वेल्ह्याच्या घरासाठी ॲपची गरजच नाही, वाय-फाय कॉलिंग चालू करा. एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये सुरू केलं, वेगळा आकार नाही. नेहमीच्याच नंबरवर कॉल येतो, बँकेचा ओटीपीही सहसा येतो, आणि रेंज नसलेल्या घरात अडतं ते ओटीपीपाशीच.

अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, सिम, वाय-फाय कॉलिंग. आयफोनमध्ये सेल्युलरच्या आत. आधी व्होल्टे (४जीवरचा साधा कॉल) चालू हवं. पर्याय दिसला तर 'वाय-फाय प्रेफर्ड' ठेवा, नाहीतर फोन एका काडीच्या रेंजला चिकटून बसतो.

तरी चालत नसेल तर: फोन कंपनीपर्यंत आयपीसेक बोगदा (कुलूपबंद वाट) काढतो, त्याला यूडीपी ५०० आणि ४५०० मोकळे लागतात. राउटरमध्ये आयपीसेक पासथ्रू चालू करा. कनेक्शन पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने लॉगिन होणारं) असेल तर एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) १४९२ किंवा त्याहून थोडा कमी ठेवा. १५०० राहिला तर नोंदणी अर्ध्यात लटकते. वाय-फायचा सिग्नल -७० डीबीएमपेक्षा खाली गेला की आवाज तुटतो. जाड दगडी भिंत असेल तर दुसरा ॲक्सेस पॉइंट केबल टाकूनच जोडा, रिपीटर नको. घरात कोणी फोटोंचा बॅकअप चढवत असेल तेव्हाही गडबड होते. राउटरच्या क्यूओएसमध्ये (कोणाला किती वेग ते ठरवणारी सेटिंग) अपलोड लाइनच्या ८५ टक्क्यांवर बांधून टाका.

जाता जाता: व्होल्टे कॉलला नेटवर्कवर राखीव वाट (क्यूसीआय १) असते. व्हॉट्सॲप कॉल बाकी डेटाच्या गर्दीतून जातो. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोडवरून ॲपचा कॉल लागत नाही आणि साधा त्यातल्या त्यात लागतो, तो म्हणूनच. ११२ साठीही साधा फोनच लागतो.

कोथरूड_डेपो

सिपचं भूत उतरलं, आभारी आहे. भावाचा नंबर आणि दुबई राहिलं. आणि व्हॉट्सॲप कॉल आला तरी माझा फोन कधीकधी वाजत नाही, ते का?

जुनी_तार

फोन न वाजणं: शाओमी, विवो, ओप्पो, रिअलमीवर बॅटरी वाचवायला ॲप झोपवतात. ॲप माहितीत जाऊन बॅटरी 'नो रिस्ट्रिक्शन्स' आणि ऑटोस्टार्ट चालू. ॲप फोर्स स्टॉप केलं तर उघडेपर्यंत कॉल येणारच नाही.

भाऊ: खरा धोका पैशांपेक्षा इथे आहे. दूरसंचार विभागाने २८ नोव्हेंबर २०२५ ला आदेश काढला: ज्या नंबरावर मेसेजिंग ॲप उघडलंय ते सिम त्याच फोनमध्ये सतत हवं, आणि वेबवरचं लॉगिन ६ तासांनी तुटलं पाहिजे. त्यासाठी ९० दिवसांची मुदत दिली होती. कपाटातल्या सिमवर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. सोपा मार्ग, व्हॉट्सॲप अमेरिकेच्या नंबरावर हलवणं: सेटिंग्ज, अकाउंट, चेंज नंबर. त्याच फोनवर केलं तर चॅट आणि ग्रुप तसेच राहतात.

पुण्याचा नंबर बँकेसाठी जपायचाच असेल तर ईसिम करून त्याच्याच फोनमध्ये ठेवा. अमेरिकेत विकलेल्या आयफोन १४ पासून सिमचा ट्रेच नाही, म्हणून पुढच्या सुट्टीत तो इथे आला की करून घ्या, तिकडून जमवणं कटकटीचं आहे. रोमिंग चालू, डेटा रोमिंग बंद. एसएमएस यायला सहसा पैसे पडत नाहीत, कॉल उचलला तर पडतात. प्रीपेड असेल तर ९० दिवस काहीच वापर झाला नाही की नंबर जाऊ शकतो. खात्यात २० रुपये असले तर ते कापून ३० दिवस वाढवून मिळतात.

दुबई: तिथे परवाना असलेलीच ॲप चालतात. बोटिम किंवा गोचॅट दोन्हीकडे टाका. टीम्स आणि झूमही चालतात, तेवढ्यावर भागत असेल तर बोटिमचीही गरज नाही. कोणी व्हीपीएन सुचवेल, ऐकू नका. बंदी चुकवायला तो लावल्यास तिथल्या कायद्यात दंड ५ लाख दिरहमपासून सुरू होतो.