पाठीच्या दुखापतीनंतर इंग्लंडमधील क्लबकडून खेळायला जावे का?

प्रश्न : डावखुरा, दांडिया बाजार, बडोदा

नमस्कार. मी 25 वर्षांचा असून डाव्या हाताने जलद गोलंदाजी करतो. तीन वर्षांपूर्वी बडोद्याच्या 23 वर्षांखालील संघातून खेळलो. त्यानंतर कमरेच्या मणक्याला स्ट्रेस फ्रॅक्चर (सततच्या ताणाने हाडाला पडणारी बारीक भेग) झाले, आठ महिने चेंडू हातात घेता आला नाही, आणि परत आलो तेव्हा पूर्वीचा वेग राहिला नव्हता. पुढच्या दोन्ही निवड चाचण्यांत माझे नाव यादीत आले नाही आणि ते योग्यच होते, कारण त्या वेळी मी पाठ सांभाळण्यासाठी शेवटच्या पावलावर आखडून चेंडू टाकत होतो.

आता एका परिचितामार्फत उत्तर इंग्लंडमधील एका हौशी क्लबने एप्रिल ते सप्टेंबर या हंगामासाठी विचारले आहे. ते राहायला खोली आणि आठवड्याला थोडी रक्कम देतील. मी शनिवारी सामना खेळावा आणि मुलांना शिकवावे, अशी त्यांची अपेक्षा आहे. त्यांच्या मते व्हिजिटर व्हिसा पुरेसा आहे. वडिलांचे म्हणणे असे की, जो इथे संघात नाही त्याने तिकडच्या गावातल्या संघात खेळून काय मिळवायचे? त्यासाठी मला नोकरी सोडावी लागेल. माझा प्रश्न एवढाच आहे की या सहा महिन्यांतून गोलंदाज म्हणून मी खरोखर काही परत मिळवू शकेन, की ही फक्त पळवाट ठरेल?

उत्तर 1 : एक माजी क्लब खेळाडू, मांजलपूर

मी स्वतः दोन हंगाम तिकडच्या क्लबकडून खेळलो आहे, म्हणून आधी व्हिसाविषयी लिहितो. ती गोष्ट चुकली तर बाकीचे सगळे व्यर्थ आहे. व्हिजिटर व्हिसावर हौशी खेळाडूला अनुभवासाठी हौशी क्लबमध्ये खेळता येते, परंतु त्याबद्दल पैसे घेता येत नाहीत. ब्रिटिश नियमांतील 'व्यावसायिक खेळाडू' ही व्याख्या आपल्या समजुतीपेक्षा बरीच व्यापक आहे. त्यात शिकवणे येते, पैशांऐवजी मिळणाऱ्या सोयी विचारात घेतल्या जातात, आणि मागील दोन वर्षांत राज्याच्या संघातून, अगदी 17 वर्षांखालील गटापासून वरच्या कोणत्याही गटात, खेळलेला खेळाडूही येतो. आपल्याला तीन वर्षे झाली आहेत, म्हणून ती दोन वर्षांची अट आपल्याला लागू होऊ नये. पण क्लबने देऊ केलेली खोली, ती 'थोडी रक्कम' आणि मुलांना शिकवण्याचे काम हे सर्व अडचणीचे आहे. पैसे घेऊन खेळायचे असेल तर इंटरनॅशनल स्पोर्ट्सपर्सन व्हिसा लागतो, त्यासाठी इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाची शिफारस लागते आणि क्लबकडे प्रायोजक म्हणून परवाना असावा लागतो. लहान क्लबांना हे पुष्कळदा नीट ठाऊक नसते. त्यांची फसवण्याची इच्छा नसते, पण विमानतळावरून परत पाठवले जाते ते खेळाडूला, क्लबला नव्हे. म्हणून क्लबकडून सर्व अटी लेखी मागवा, त्या तिकडच्या नोंदणीकृत इमिग्रेशन वकिलाला दाखवा, आणि आपल्या संघटनेमार्फत ना हरकत प्रमाणपत्राचा अर्ज आताच करा. परदेशी फ्रँचायझी टी-20 लीगसाठी भारतीय मंडळाच्या पुरुष खेळाडूला निवृत्तीच घ्यावी लागते. हौशी क्लब क्रिकेटसाठी तशी वेळ येत नाही, म्हणजे परतीचा मार्ग खुला राहतो.

उत्तर 2 : निवृत्त प्रशिक्षक, रावपुरा

वयाने मोठा आहे म्हणून 'तू' म्हणतो, राग मानू नकोस.

पळवाट आहे का, हे विचारतोस, तर झहीर खानची 2006 ची गोष्ट वडिलांना सांग. श्रीरामपूरचा हा मुलगा आपल्या बडोद्याकडून खेळून मोठा झाला. 2000-01 चा रणजी करंडक आपण इथेच रेल्वेला हरवून जिंकला, त्या अंतिम सामन्याच्या दुसऱ्या डावात त्याने पाच गडी बाद केले होते. पुढे दुखापती झाल्या, फॉर्म गेला आणि 2006 मध्ये तो भारतीय संघाबाहेर होता. तेव्हा तो वूस्टरशायर या इंग्लंडमधील कौंटीच्या, म्हणजे परगण्याच्या व्यावसायिक संघाकडे गेला, तेही कौंटी अजिंक्यपदाच्या दुसऱ्या विभागात. त्या हंगामात त्याने 78 गडी बाद केले. चेम्सफर्डला एसेक्सचे एका डावात नऊ. त्याच वर्षाच्या अखेरीस जोहान्सबर्गला भारताने दक्षिण आफ्रिकेत पहिली कसोटी जिंकली तेव्हा तो संघात होता, आणि 2007 मध्ये ट्रेंट ब्रिजला त्याने सामन्यात नऊ गडी घेतले.

मला यात आकड्यांपेक्षा महत्त्वाचे वाटते ते हे की त्याने रनअप कमी केला आणि वेगाऐवजी चेंडूच्या शिवणीवर विश्वास ठेवायला तो शिकला. इथे एप्रिलमध्ये चाळीस अंशांत, कोरड्या खेळपट्टीवर, तो विश्वास बसायला फार वेळ लागतो, कारण चेंडू लवकर खरबरीत होतो आणि गोलंदाज जोर लावून आपटायला जातो. तिकडे खेळपट्टी ओलसर आणि संथ असते. आपटलेला चेंडू बसतो आणि फलंदाज आरामात मागे जाऊन मारतो. चेंडू पुढे, फलंदाजाच्या पायांशी टाकावाच लागतो, आणि तो टाकायचा तर मनगट सरळ आणि पुढचा पाय ठाम हवा. तुझ्या आखडण्यावर हाच उपाय आहे.

क्लबच्या दर्जाविषयी वडिलांचे म्हणणे अगदी चूक नाही. तुला कौंटीचे फलंदाज भेटणार नाहीत. पण विजय हजाऱ्यांसारखा बडोद्याचा माणूसही लँकेशायरच्या क्लबांकडून खेळला आहे. परदेशी खेळाडूवर तिथे सगळ्या गावाचे लक्ष असते. तू पाच षटकांत तीस धावा दिल्यास तरी कर्णधार चेंडू पुन्हा तुझ्याच हाती देतो. दुखापतीतून उठलेल्या गोलंदाजाला नेमके हेच लागते, आणि निवड चाचणीत सहा चेंडूंवर हिशेब होतो तिथे ते मिळत नाही.

धोका मात्र पाठीचाच आहे. ओल्या मातीत पुढचा पाय घसरला की सगळा भार कमरेवर येतो. जाण्यापूर्वी एमआरआय करून घे आणि क्लबला स्पष्ट लिही की पहिले चार आठवडे मी दोन-दोन, तीन-तीन षटकांच्याच फेऱ्या टाकीन. ज्यांना हे मान्य नसेल त्यांच्याकडे जाऊ नकोस.

उत्तर 3 : एका खेळाडूची बहीण, कारेलीबाग

एक गोष्ट जोडावीशी वाटते. आपल्या बडोद्याकडून शेवटी खेळलेला स्मित पटेल, ज्याने 2012 च्या 19 वर्षांखालील विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात नाबाद 62 धावा केल्या होत्या, तो 2021 मध्ये इथली कारकीर्द संपवून अमेरिकेला गेला. सौरभ नेत्रावळकर तर तिकडे शिक्षणासाठी गेला, नोकरी करत खेळत राहिला आणि 2024 मध्ये अमेरिकेकडून पाकिस्तानविरुद्धची सुपर ओव्हर (बरोबरीनंतरचे निर्णायक षटक) त्याने टाकली. ते मार्ग वेगळे आहेत. तिथे माणूस आपले घर बदलतो. तुम्ही परत येण्यासाठी जात आहात, हे वडिलांना तारखेनिशी सांगा. माझा भाऊ तसे न सांगता गेला आणि घरात दोन वर्षे नीट बोलणे नव्हते. शिवाय नोकरी सोडण्याआधी बिनपगारी रजा मागून पाहा.

डावखुरा :

सर्वांचा आभारी आहे. क्लबला रक्कम, खोली, मुलांना शिकवणे आणि परवाना यांविषयी आजच लिहिले. परवाना नसेल तर पैसे आणि शिकवण्याचे काम बाजूला ठेवून खोलीचे काय करायचे ते वकिलाला विचारूनच ठरवीन. एमआरआय सोमवारी आहे. सर, अहवाल ठीक आला तर ओल्या चेंडूचा सराव इथे कसा करावा?

निवृत्त प्रशिक्षक, रावपुरा :

अहवाल आला की सकाळी सहाला मैदानावर ये. जुने दोन चेंडू आण. बादली आणि पाणी माझ्याकडे आहे. पहिल्या दिवशी रनअप नाही, उभ्यानेच टाकायचे.