प्रतिसाद: उलानबातरहून एका दिवसात काय बघाल

मंगोलियाची राजधानी उलानबातरहून एका दिवसाच्या सहलीला ग्रुप टूर घ्यावी की प्रायव्हेट गाडी, असं विचारलंय, तर माझं मत सरळ प्रायव्हेट गाडी घ्या, कारण मंगोलियात खरी मजा वाटेत थांबण्यात आहे, कुठे घोड्यांचा कळप दिसला की थांबा. सकाळी लवकर निघा, शहरातलं ट्रॅफिक भयंकर असतं. आधी चंगेज खानाचा तो ४० मीटर उंच स्टीलचा पुतळा, आत लिफ्ट आहे, घोड्याच्या डोक्यावर जाऊन सगळा गवताळ प्रदेश बघता येतो, ते अजिबात चुकवू नका. मग तेरेल्ज राष्ट्रीय उद्यान, तिथे कासवाच्या आकाराचा खडक आणि आर्याबाल बौद्ध मंदिर, शेवटच्या १०८ पायऱ्या दमवतात पण वरून दिसणारी दरी, आहाहा! व्हेज असाल तर डबा न्याच, आणि गेरमध्ये (भटक्या लोकांच्या गोल तंबूत) मिठाचा दुधाळ चहा दिला तर नाही म्हणू नका.