विषय: आयआरएसची (अमेरिकेच्या कर खात्याची) थकबाकी, वकील की ईए (एन्रोल्ड एजंट, आयआरएसचा परवाना असलेला कर-सल्लागार), आणि पुण्यातला फ्लॅट

नमस्कार मंडळी,
एका सभासदांचा प्रश्न नाव न देता पाठवते आहे. २०२१च्या आरएसयू (नोकरीत कंपनीकडून मिळालेले शेअर) विक्रीवरून सीपी२००० (जादा कर सुचवणारं आयआरएसचं पत्र) आलं होतं, त्याला उत्तर गेलं नाही. आता दंड-व्याजासकट ३८,००० डॉलर थकलेत. २०२३चं रिटर्न भरायचं राहिलंय. गेल्या आठवड्यात सर्टिफाइड डाकेने एलटी११ (जप्तीची सूचना आणि सुनावणीचा हक्क सांगणारं पत्र) आलं. रेडिओवर जाहिरात करणारी एक कंपनी 'निम्म्याहून कमीत मिटवू' म्हणते आणि ४,५०० डॉलर आगाऊ मागते. पुण्यात नवरा-बायकोच्या नावावर फ्लॅट आहे. कोणाकडे जावं?
– यादी संयोजक

---

ताई, त्यांना सांगा, ४,५०० डॉलर आत्ता देऊ नका. आधी पत्रावरची तारीख बघा. त्या तारखेपासून ३० दिवसांत फॉर्म १२१५३ (सुनावणीचा अर्ज) जायलाच हवा, आणि तो पत्रात दिलेल्या पत्त्यावर. डाकेची पावती जपून ठेवा. अर्ज वेळेत गेला की सुनावणी संपेपर्यंत पगार आणि बँक खात्यावरची जप्ती सहसा थांबते, आणि निकाल पटला नाही तर टॅक्स कोर्टात जाता येतं. मुदत चुकली तर वर्षभर दुय्यम सुनावणी मागता येते, पण तिच्या निकालावर कोर्टात जाता येत नाही. वसुलीची १० वर्षांची मुदत सुनावणीच्या काळात थांबते, एवढी किंमत मोजावी लागते. ती मोजावी.

दुसरं म्हणजे, हे ३८,००० खरे आहेत का? मला शंका आहे. आरएसयू व्हेस्ट होतात (तुमच्या मालकीचे होतात) त्या दिवशीची किंमत डब्ल्यू-२च्या (वर्षाच्या पगार-दाखल्याच्या) बॉक्स १मध्ये पगार म्हणून आलेली असते, तिच्यावर कर कापलेला असतो. ब्रोकर मात्र १०९९-बीवर (शेअर विक्रीच्या पत्रकावर) खरेदीची किंमत पुष्कळदा शून्य दाखवतो किंवा कोरी सोडतो. १०० शेअर १५० डॉलरला व्हेस्ट होऊन १५५ला विकले, तर नफा ५०० डॉलर. आयआरएसचं यंत्र धरतं १५,५००! ब्रोकरच्या साइटवर त्या वर्षाचं सप्लिमेंटल स्टेटमेंट असतं, त्यात सुधारलेली किंमत मिळते. ते घेऊन फॉर्म ८९४९ (विक्रीवरच्या नफ्या-तोट्याचा) नीट भरा आणि ऑडिट रिकन्सिडरेशन (लावलेल्या कराची फेरतपासणी) मागा. पैसे भरलेले नसले तरी मागता येतं. मूळ कर उतरला की त्यावरचा २० टक्के दंड आणि व्याजही त्या प्रमाणात उतरतं. 'मिटवून देतो' म्हणणारे या वाटेला बहुधा जातच नाहीत.

आता माणूस कसा निवडायचा. वसुली खात्यासमोर तुमच्या वतीने बोलायला एन्रोल्ड एजंट (ईए), सीपीए (अमेरिकेतला परवानाधारक लेखापाल) किंवा वकीलच लागतो. नुसता पीटीआयएन (रिटर्न भरून देणाऱ्यांचा आयआरएस नोंदणी क्रमांक) असलेला रिटर्न भरून देणारा चालत नाही. भारतातले सीएही चालत नाहीत, पण फ्लॅटचे आकडे काढायला त्यांची मदत घ्यावी. नाव आयआरएसच्या डिरेक्टरीत तपासा. पहिल्या भेटीत एकच गोष्ट विचारा: ट्रान्सक्रिप्ट (आयआरएसकडची तुमच्या खात्याची नोंद) काढण्याआधीच तोडग्याची रक्कम सांगताय का? सांगत असतील तर उठून या. पहिल्या टप्प्याची फी फक्त फॉर्म २८४८ (प्रतिनिधी नेमण्याचं अधिकारपत्र) आणि ट्रान्सक्रिप्टपुरती ठरवा.

२८४८ परत येतो तो बहुतेक याच कारणांनी: वर्षांच्या रकान्यात 'सर्व वर्षे' लिहिलेलं असतं (२०२१, २०२३ असंच लिहावं लागतं), जॉइंट रिटर्न असूनही नवरा-बायकोचा वेगवेगळा फॉर्म नसतो, किंवा इलेक्ट्रॉनिक सही करून फॅक्स केलेला असतो. तशी सही फक्त ऑनलाइन अपलोडला चालते.

२०२३चं रिटर्न पैसे नसले तरी लगेच भरा. कर देणं असेल तर न भरल्याचा दंड महिन्याला ५ टक्के, २५ टक्क्यांपर्यंत. पैसे न दिल्याचा महिन्याला अर्धा टक्का. रिटर्न बाकी असताना हप्तेही मंजूर होत नाहीत.
– एक ईए, एडिसन

---

फ्लॅटबद्दल थोडं. ऑफर इन कॉम्प्रमाइजसाठी (थकबाकी कमी रकमेत मिटवण्याच्या अर्जासाठी) फॉर्म ४३३-ए (ओआयसी) भरावा लागतो, त्यात जगभरातली मालमत्ता विचारतात, आणि खोटं लिहिलं तर गुन्हा. आयआरएस साधारणपणे फ्लॅटच्या बाजारभावाचे ८० टक्के धरतं, त्यातून कर्ज वजा करतं आणि महिन्याची उरणारी शिल्लक १२ किंवा २४ पट करून त्यात मिळवतं. ही बेरीज ३८,०००च्या वर गेली की ऑफर सहसा नामंजूर. पुण्यातला बिनकर्जाचा फ्लॅट एकटाच ती वर नेईल. म्हणूनच म्हणते, त्या कंपनीचे ४,५०० वाया जातील.

हप्ते हाच सरळ मार्ग. कर, दंड आणि व्याज मिळून ५०,०००च्या आत असेल तर ऑनलाइन मिळतात, सहसा ४३३ न देता. ७२ महिन्यांत फेडायचे धरले तर ३८,०००ला महिन्याला साधारण ५३० आणि वर व्याज. बँकेतून थेट कापून द्या, फी सगळ्यात कमी तिथे. आणि डब्ल्यू-४ (पगारातून किती कर कापायचा ते सांगणारा फॉर्म) आजच बदला. पुढच्या वर्षी नवी थकबाकी निघाली की करार मोडतो.

फ्लॅटचं भाडं एनआरओ खात्यात (अनिवासी भारतीयांच्या भारतातल्या बँक खात्यात) येतं का? ते रिटर्नमध्ये दाखवलंय का? भारतातल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली असेल तर एफबीएआर (परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म) भरलाय का? शेवटच्या दोन प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर 'नाही' असेल आणि ते जाणूनबुजून असेल, तर ईएला काही सांगण्याआधी कर-वकील गाठा. ईए-सीपीएशी बोलण्याचं संरक्षण फौजदारी प्रकरणात लागू होत नाही, वकिलाशी बोललेलं गुप्त राहतं.
– सीपीए सभासद, फ्रीमाँट

---

दोन्ही उत्तरांना एक जोड. नागरिकत्वाच्या एन-४०० अर्जात थकलेल्या कराचा प्रश्न थेट विचारतात. अर्ज मनात असेल तर आयआरएसचं हप्त्यांचं मंजुरीपत्र आणि भरणा झाल्याचे पुरावे आत्तापासून एका फाइलीत ठेवा. आणि ज्यांचं उत्पन्न गरिबी रेषेच्या २५० टक्क्यांच्या आत आहे आणि वादातली रक्कम साधारण ५०,०००च्या आत, त्यांना लो इन्कम टॅक्सपेअर क्लिनिकमध्ये मोफत किंवा नाममात्र फीत वकील मिळतो. इथे आई-वडिलांना घेऊन राहणाऱ्या एकट्या कमावत्या माणसालाही, घरात किती जण आहेत त्यावर, ही मर्यादा लागू पडू शकते. विचारून बघा.
– सभासद, शिकागो