मदत हवी आहे: क्रूझवर स्वतःची बाटली नेता येते का? (शुक्रवारी निघतोय!)

घाईत_जावई | बुधवार, १४ ऑक्टोबर २०१५, सकाळी ९:१०
परवा सहकुटुंब क्रूझला निघतोय. आपली बाटली बरोबर नेता येते का? मित्र म्हणतो बिनधास्त ने, कुणी विचारत नाही. बायको म्हणते धक्क्यावरच लाज निघेल. कंपनीची साइट वाचून डोकं फिरलं. ज्यांनी खरोखर नेली आहे त्यांनीच सांगा, उपदेश नकोत. बॅगा आज रात्री भरायच्या आहेत.

बारा_गावचा | ९:२२
कुठली कंपनी? कुठलं बंदर? किती दिवस? नुसतं "क्रूझ" म्हणजे "गाडीचं तिकीट किती" असं विचारल्यासारखं झालं. एसटीचं की राजधानीचं?

सीमा_डब्बेवाली | ९:३१
क्रूझवर आपलं जेवण मिळतं बरं का! पहिल्याच रात्री हेड सर्व्हरला गाठून सांगायचं की आम्ही व्हेज आहोत, इंडियन हवं. दुसऱ्या दिवसापासून डाळ, भाजी, भात करून देतात. आम्हाला एकदा पराठेसुद्धा मिळाले होते. तरी लोणच्याची छोटी बाटली असू द्यावी.

घाईत_जावई | ९:४०
डिस्नीची ड्रीम नावाची बोट. फ्लोरिडातल्या पोर्ट कॅनव्हेरलहून तीन रात्री, बहामाजमधलं नासाऊ आणि डिस्नीचं बेट कास्टअवे के. अटलांटाहून गाडीने जातोय. सीमाताई, आभार, पण मी वेगळ्या बाटलीबद्दल विचारतोय.

जर्सीचे_काका | ९:५८
डिस्नी? मग काळजीच सोडा. याबाबतीत त्यांच्याइतकं उदार कुणी नाही. आम्ही २०१३ मध्ये चार कुटुंबं गेलो होतो. दोन व्हिस्की, एक रम आणि बियरचा अख्खा क्रेट चाकांच्या बॅगेत घालून नेला. स्कॅनरवरच्या पोरानं हसून "एन्जॉय" म्हटलं. फक्त पोर्टरकडे द्यायच्या सामानात ठेवू नका, हातातल्या बॅगेत ठेवा. जा बिनधास्त.

तेरेखोल | १०:१५
काकांनी सांगितलं ते तेव्हा शंभर टक्के खरं होतं. आता नाही. गेल्या महिन्यात नियम बदलला. ३० सप्टेंबर किंवा त्यानंतर सुटणाऱ्या सगळ्या सफरींना नवा नियम लागू आहे, म्हणजे तुम्ही बरोबर त्यात सापडलात.

२१ वर्षं पूर्ण झालेल्या दर माणशी वाइन किंवा शॅम्पेनच्या दोन न फोडलेल्या बाटल्या, ७५० मिलीपर्यंतच्या. नाहीतर सहा बियर, १२ औंसांच्या. हे "नाहीतर" आहे, "आणि" नाही. चढताना एवढं चालतं, वाटेतल्या प्रत्येक बंदरावरून परत चढताना पुन्हा एवढं. हातातल्या बॅगेत हवं. व्हिस्की, रम, व्होडका वगैरे कडक माल अजिबात नाही. सापडला तर काढून ठेवतात आणि शेवटी परत देतात.

मी नऊ वर्षं बोटीवर होतो, बारमध्ये. आमच्याकडे दर दोन घरांआड एक माणूस शिपीवर, म्हणजे बोटीवर नोकरीला असतो, तेव्हा ही माहिती गावातच मिळते.

जर्सीचे_काका | १०:२४
असलं काही ऐकलं नाही बुवा. आमच्या मंडळातले जोशी ऑगस्टमध्येच जाऊन आले, दोन ब्लॅक लेबल घेऊन.

तेरेखोल | १०:२६
काका, ऑगस्ट सप्टेंबरच्या आधी येतो.

बारा_गावचा | १०:२७
😂😂

तळ्यात_मळ्यात | १०:४१
नफेखोरी आहे सगळी, दुसरं काय! बाहेरची बंद केली की झक मारत त्यांच्या बारमध्ये जाणार लोक. कार्निव्हल क्रूझ कंपनीने तर ९ जुलैपासून बाटलीबंद पाणीही बंद केलंय. पाणी! आता फक्त डबे (कॅन), माणशी बारा. उद्या म्हणतील श्वास आमच्याकडूनच विकत घ्या.

तेरेखोल | १०:५५
पाण्याचं कारण पैसा एवढंच नाही. पाण्याच्या बाटलीत व्होडका भरून आणायची पद्धत इतकी बोकाळली होती की सिक्युरिटीवाले एकेक बूच तपासत बसायचे आणि बाहेर उन्हात रांग वाढत जायची. डबा एकदा फोडला की परत बंद करता येत नाही, म्हणून डबे.

आणि डिस्नीला नफेखोर म्हणायचं तर हेही सांगा की जेवताना आणि डेकवर कोक-स्प्राइट फुकट असतं. बाकी बऱ्याच कंपन्या त्याचेही पैसे घेतात.

तळ्यात_मळ्यात | ११:०३
तिकीट किती असतं ते बघा आधी. कोक फुकट म्हणे.

अष्टमीचा_उपास | ११:२०
काल घटस्थापना झाली. नवरात्रात हा धागा? आणि तोही मिकी माउसच्या बोटीवर, लेकरांसमोर? तीन रात्री न पिता राहता येत नसेल तर मदत वेगळ्या ठिकाणी मागावी.

बारा_गावचा | ११:२८
ताई, मिकी माउसच्या बोटीवर १९९८ पासून बार आहेत. त्यांची पहिली बोट डिस्नी मॅजिक सुरू झाली तेव्हापासून. मोठ्यांसाठी वेगळा विभागच असतो, तिथे पोरांना रात्री सोडत नाहीत. पोरं तिकडे क्लबात, आईबाप इकडे. लेकरांसमोर काही नसतं.

धागाकर्ते, सोपा हिशेब सांगतो. मोठे किती जण? चार असाल तर आठ वाइन किंवा चोवीस बियर. तीन रात्रींना रग्गड. जेवणघरात स्वतःची वाइन फोडायला लावलीत तर बाटलीमागे वीस-पंचवीस डॉलर कॉर्केज, म्हणजे बाटली फोडून देण्याची फी लागेल. केबिनमध्ये प्यायलात तर काही नाही. केबिनमधून ग्लास भरून हातात घेऊन जेवायला जायचं, कुणी काही म्हणत नाही.

घाईत_जावई | ११:४५
मोठे चारच आहोत, मी, बायको, सासू-सासरे. पण वाइन-बियरचा प्रश्नच नाही हो. सासऱ्यांची बाटली आहे. रोज रात्री जेवणाआधी लागते, थोडीच.

तेरेखोल | ११:४७
कसली बाटली?

जर्सीचे_काका | ११:४८
स्कॉच असणार. त्यांना म्हणावं तीन रात्री बोटीवरची प्या. जावयाने बिल भरावं, त्यासाठीच जावई असतो.

घाईत_जावई | १२:०२
फेणी.

बारा_गावचा | १२:०३
😂😂😂 हे पहिल्या ओळीत लिहायला काय झालं होतं?

तेरेखोल | १२:१०
काजूची का माडाची?

पार्लेकर_पुणेकर | १२:१८
फेणीला २००९ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय. म्हणजे शॅम्पेनच्याच पंगतीत बसते ती. त्यांनी "शॅम्पेन चालेल" म्हटलंय, मग फेणी का नाही? या मुद्द्यावर लेखी विचारणा करायला हवी.

तेरेखोल | १२:३१
भाऊ, शॅम्पेन बारा टक्के, फेणी बेचाळीसच्या आसपास. जीआय भौगोलिक नावाला मिळतो, कडकपणाला नाही. धक्क्यावरच्या गार्डसमोर भौगोलिक मानांकनावर भाषण करून बघा, मागची रांग तुम्हाला समुद्रात ढकलेल.

जावईबापू, फेणी म्हणजे कडक माल. चालणार नाही. सीलबंद असली तरी नाही.

घाईत_जावई | १२:४०
सीलबंद नाहीये.

तेरेखोल | १२:४१
म्हणजे?

घाईत_जावई | १२:५८
सगळं सांगतो एकदाच. सासरे सावंतवाडीचे. त्यांचे एक दोस्त गोव्यात भट्टी लावतात, त्यांच्याकडची काजूची. जुन्या स्क्वॉशच्या बाटलीत आहे. वर बूच, बुचावर प्लॅस्टिक, प्लॅस्टिकवर चार रबरबँड, मग तीन पिशव्या आणि वरून सासूबाईंचं जुनं लुगडं. लेबल नाही. निम्मी संपलीये. सासरे रोज झाकणभर घेतात, गरम पाण्यातून. गुडघ्याला बरं वाटतं म्हणतात. दुसरं काही चालत नाही. मी चांगल्यातली सिंगल माल्ट आणून ठेवली होती, ती त्यांनी हुंगून परत दिली.

पार्लेकर_पुणेकर | १३:०५
पण ही अमेरिकेत आली कशी? विमानात सामानातली दारू मूळ सीलबंद पॅकिंगमध्येच लागते. आणि कस्टमला डिक्लेअर केली होती का? माणशी एकच लिटर ड्यूटी फ्री असते.

घाईत_जावई | १३:०७
आली. आता पुढचं बोला.

गॅझेटगुरू | १३:१५
मार्चमध्ये पावडरच्या दारूला इथे सरकारी मान्यता मिळालीय ना? ती न्यायची, पाण्यात ढवळायची. स्कॅनरला काय कळतंय.

तेरेखोल | १३:२२
नव्या नियमात पावडरच्या दारूचं नाव घेऊन मनाई केलीय. तुमच्या आधी तिथे पोचलेत ते.

रात्रीचा_राजा | १३:३०
इतकं काय घाबरता? माउथवॉशची बाटली घ्या, धुवा, फेणी भरा, एक थेंब हिरवा खाण्याचा रंग. आमच्या कॉलेजच्या ग्रुपने व्होडका अशीच नेली होती.

तेरेखोल | १३:५२
हे वाचून राहवत नाही म्हणून मोठं लिहितो.

मी बारमध्ये असलो तरी चढण्याच्या दिवशी आम्हाला कुठेही उभं करायचे. अडकवलेल्या बॅगांची खोली मी पाहिलीय. लोकांच्या केबिनबाहेर संध्याकाळी बॅगा येतात, या मंडळींची येत नाही. मग फोन येतो. खाली गेलं की टेबलावर बॅग उघडायला लावतात, मागे दहा जण आपापली पाळी यायची वाट बघत उभे. शॅम्पूच्या बाटल्या, सनस्क्रीनच्या नळ्या, प्लॅस्टिकच्या चपट्या पिशव्या, एकाने तर पावाच्या पोटात पिशवी घातली होती. स्कॅनरवर बसणाऱ्याचं कामच ते असतं. तीन रात्रींच्या सफरीला पाच माउथवॉश बघून त्याला काय वाटेल?

माउथवॉशचा वास धुऊन जात नाही हे वेगळंच. आणि फेणीचं काय सांगू? ती लपवायची वस्तूच नाही. बूच उघडलं की तिसऱ्या डेकवरच्या माणसाला गाव आठवतं. तुमचे सासरे पासष्टीच्या पुढचे असणार. त्यांना त्या टेबलापाशी उभं करू नका.

रात्रीचा_राजा | १३:५८
आम्ही नाही सापडलो.

तेरेखोल | १३:५९
अभिनंदन.

डॉ_लिंबूपाणी | १४:१०
गुडघ्यासाठी औषध म्हणून घेतात ना? डॉक्टरचं पत्र न्या. औषधाला कुठेच मनाई नसते.

बारा_गावचा | १४:१४
"रुग्णास रोज एक झाकण काजू फेणी, जेवणापूर्वी." सही कोण करणार, तुम्ही?

पार्लेकर_पुणेकर | १४:२०
महाराष्ट्रात पिण्याचा परवाना आरोग्यासाठी म्हणूनच मिळतो की! १९४९ च्या कायद्याखाली. सासऱ्यांकडे असेल तर बरोबर ठेवा.

तळ्यात_मळ्यात | १४:२६
तो परवाना बहामाजमध्ये दाखवणार? तिथले लोक फ्रेम करून लावतील. बाकी आपल्याकडे कडक दारूला पंचवीस वर्षं पूर्ण लागतात आणि या बोटीवर एकवीस, म्हणजे माझ्या बावीस वर्षांच्या भाच्याला पुण्यात जे चालत नाही ते मिकी माउस देणार.

व्हिसावाली | १४:३३
दारूचं राहू द्या, सासू-सासऱ्यांचा व्हिसा मल्टिपल एंट्री आहे ना? बहामाजला जाऊन परत येणं म्हणजे अमेरिकेत पुन्हा प्रवेश. व्हिसा असलेले पासपोर्ट हातातल्या बॅगेत ठेवा. मोठ्या बॅगेत घालून पोर्टरला दिलेत तर धक्क्यावरच बसाल.

घाईत_जावई | १४:४५
व्हिसावाली, तुमचे मनापासून आभार. पासपोर्ट खरंच मोठ्या बॅगेत होते. बायकोने आत्ता काढले.

बाकी ठीक, फेणी नेत नाही. पण तीन दिवस गाडीत, बंदराच्या पार्किंगमध्ये ठेवू का? घरी ठेवायला सासरे तयार नाहीत. निदान फ्लोरिडापर्यंत तरी येऊ दे म्हणतात, गुरुवारी रात्री हॉटेलात लागेल.

बारा_गावचा | १४:५१
फ्लोरिडाच्या उन्हात, रबरबँडचं बूच, बंद गाडी. परतीला अटलांटापर्यंत सात तास खिडक्या उघड्या ठेवून जाल. आणि फोडलेली बाटली गाडीत हाताशी ठेवणं गुन्हा आहे, डिकीतच ठेवा.

ऑरलँडोचा_बंड्या | १५:०५
सकाळपासून वाचतोय. मी ऑरलँडोत राहतो, तुम्ही टर्नपाइक हायवेने येऊन ५२८ नंबरचा रस्ता पकडणार, तो माझ्या घरापासून दहा मिनिटांवर. शुक्रवारी जाताना बाटली माझ्या गॅरेजमध्ये ठेवा, सोमवारी परतताना घेऊन जा. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

जर्सीचे_काका | १५:०९
बाटलीवर पेनने खूण करून ठेवा. बंड्याला मी ओळखतो.

अष्टमीचा_उपास | १५:३०
एका बाटलीसाठी एवढी माणसं कामाला लागली. देवीच्या आरतीला बोलावलं तर कुणी फिरकत नाही.

घाईत_जावई | मंगळवार, २० ऑक्टोबर, रात्री ८:४०
आलो. उशिरा लिहितोय, माफी.

तेरेखोल म्हणाले तेच. टर्मिनलवर बॅग स्कॅनरमधून गेली, गार्डने बारा बियर बोटाने मोजल्या, दोघांच्या वाट्याच्या, आणि जा म्हणाला. आमच्या शेजारच्या रांगेत एका बाईंच्या पिशवीतून व्होडकाची मोठी बाटली निघाली. त्या सारख्या म्हणत होत्या की गेल्या वर्षी चालली होती. त्यांना चिठ्ठी दिली आणि बाटली काढून ठेवली.

सासऱ्यांनी पहिल्या रात्री बियर नको म्हटली. मग बारमध्ये नेलं. तिथे योगायोगाने बारटेंडर मडगावचा निघाला. सासरे त्याच्याशी जे बोलत बसले ते आम्ही जेवायला गेलो तरी उठेनात. त्याने गरम पाण्यात रम दिली. एक घोट घेऊन म्हणाले, "ह्येका दारू म्हणतत? ह्या तर सरबत." तीन रात्री तिथेच सरबत पीत होते. बिल मी बघितलंय, काका, तुमची इच्छा पूर्ण झाली.

बाटली काल बंड्याकडून घेतली. ठेवताना मानेपासून चार बोटं खाली होती, आता सहा बोटं आहे.

ऑरलँडोचा_बंड्या | २०:५२
बाष्पीभवन. बारा_गावचा यांनी आधीच सांगितलं होतं, इथे ऊन फार.

तेरेखोल | २१:०५
मडगावचा? नाव काय त्याचं?

सीमा_डब्बेवाली | २१:१८
ते सगळं ठीक, पण जेवणाचं काय झालं? पहिल्याच रात्री सांगितलंत ना हेड सर्व्हरला?