मदत हवी आहे: आईला रात्री बायबलमधली कोणती स्तोत्रं वाचून दाखवू?

सर्वांना प्रभूच्या नावात सलाम. मी खानापूर तालुक्यातून लिहितेय. फेब्रुवारीत पप्पा गेले आणि पुढच्याच महिन्यात आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात अजून उचलत नाही. दिवस कसाही निघतो, फिजिओथेरपीसाठी बेळगावला नेणं-आणणं असतं. रात्र मात्र निघत नाही. दोनच्या सुमारास ती डाव्या हाताने उशाशी चाचपडते, पप्पांचं पवित्र शास्त्र हाताला लागलं की माझ्याकडे सरकवते. वाच, म्हणते.

माझी शाळा कन्नड माध्यमाची, त्यामुळे मराठी अडखळत वाचते. २३वं स्तोत्र आता पाठ झालंय. 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' म्हटलं की तिचे ओठ हलतात. पण परवा म्हणाली, "हे नको गं. रडणारं काहीतरी वाच." मग १३वं वाचलं. देवा, आणखी किती दिवस मला विसरणार, असं विचारणारं. ती शांत झाली, मलाच रडू आलं. देवाला असं विचारता येतं, हे इतकी वर्षं चर्चला जाऊनही मला उमगलं नव्हतं.

१५० स्तोत्रांत अशी आणखी कोणती आहेत? (८८वं पाहिलं, पण ते अंधारातच संपतं. रात्री वाचावं का?) रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं जुन्या चालीत कुणी घरी गाऊन रेकॉर्ड केली असतील तर कृपया पाठवा. पप्पा ती पेटीवर म्हणायचे. आणि ज्यांनी घरात असं आजारपण काढलंय, त्यांनी तेव्हा रोजची प्रार्थना कशी टिकवली, तेही सांगा.