कडक ट्रेलवर स्नोमोबाइल का तापते?

प्रश्न (लातूर): फेब्रुवारीत युरोपच्या उत्तर टोकाला, लॅपलंडला पाच दिवसांची स्नोमोबाइल (बर्फावर चालणारी गाडी) सफर ठरलीय. उणे वीसमध्येही इंजिन तापतं म्हणे. कसं काय?

उत्तर (परभणी): दादा, इंजिनच्या कूलरला थंड करतो तो गाडीखालच्या फिरत्या रबरी पट्ट्यानं उडवलेला बर्फ. ट्रेल (बर्फातली वाट) काचेसारखा कडक झाला की बर्फ उडत नाही. पट्टा ज्यांवरून घसरतो त्या प्लास्टिक स्लायडरलाही बर्फाचंच वंगण, ते तर आधी वितळतात. जळका वास आला की गाडी कडेच्या भुसभुशीत बर्फात घाला. स्क्रॅचर (कडक बर्फ खरवडून पट्ट्याकडे उडवणारे काटे) असलेलीच गाडी मागा. स्प्रिंगचे असतील तर रिव्हर्सआधी वर उचला, नाहीतर वाकतात.

उत्तर (नांदेड): जादा ड्राइव्ह बेल्ट (इंजिनची ताकद पट्ट्याकडे नेणारा आतला बेल्ट) न्याच. रात्री गाडी ओंडक्यांवर लावा. पट्टा जमिनीला गोठला अन् सकाळी रेस दिली की बेल्ट जळालाच. गोठलेल्या तळ्यावर वरच्या भुसभुशीत बर्फाखाली पाणी लागलं तर थांबू नका. काळ्या रानातल्या चिखलासारखंच, थांबला तो रुतला.