गोठणं का थिजणं? जहाजाच्या नांगरावरून पडलेला प्रश्न

माझा भाचा मर्चंट नेव्हीत आहे, सध्या जहाज बाल्टिक समुद्रात, परवा फोनवर सांगत होता की नांगर उचलायचं मशीन, त्याला ते विंडलास म्हणतात, सकाळी फिरायलाच तयार नव्हतं. मी म्हटलं तेल थिजलं असंल, तर म्हणतोय, "मामा, थिजायला ते काय खोबरेल आहे का, गोठलं म्हणा." आता आमच्या कोल्हापुरात थंडीत खोबरेलाची बाटली उन्हात ठेवताना सगळी "थिजलंय" असंच म्हणतात. मशीनच्या तेलाला चालतंय का हा शब्द?

— चालतंय काय, तोच बरोबर आहे! गोठतं ते पाणी, थिजतं ते तेल-तूप. खोबरेल २४ अंशाच्या खाली गेलं की थिजायला लागतं, तिथं बर्फाचा काय संबंध? समुद्राचं पाणी खारट, ते उणे २ च्या आसपास गोठतं. डेकवर ही दोन्ही कामं एकदम चालू असतात, आत ग्रीस आणि हायड्रॉलिक तेल थिजतं आणि बाहेर लाटेचे शिंतोडे लोखंडावर गोठून थरावर थर चढतात. उपायपण वेगळे बघा. थिजलेल्याला ऊब द्यायची, मशीन आधी रिकामंच हळूहळू फिरवायचं. गोठलेलं लाकडी मोगरीनं ठोकून काढायचं आणि मुळात वर ताडपत्री घालून ठेवायची. पाण्याच्या पाइपा रिकाम्या करतात कारण पाणी गोठलं की फुगतं आणि पाइप फुटतो, तेल थिजून असं फुगत नाही. आणि हा बर्फ वेळेत काढलाच पाहिजे, वरचं वजन वाढून जहाज उलटतं, १९६८ च्या फेब्रुवारीत आइसलंडजवळ रॉस क्लीव्हलँड ही मासेमारी बोट अशीच गेली.

— पटलं. मग साखळी? भाचा म्हणतो साखळीपण गोठते, आणि इंजिन बंद पडलं तर नांगर तिथल्या तिथं पडायला पाहिजे, म्हणून त्याला तिचीच जास्त काळजी.

— साखळी कशी गोठंल, तिच्यावरचं पाणी गोठतं. कड्या एकमेकीत फिरत नाहीत, म्हणजे साखळी आखडते. पहाटे उसाला पाणी पाजून आलं की बोटं आखडतात, तसंच.

— आखडली! हाच शब्द पाहिजे होता, आत्ताच पाठवतो त्याला.